एका झाकणाची गोष्ट

गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका लॅबमध्ये रोल धुवायला टाकायला गेले होते. काउंटरच्या आतल्या बाजूला पुठ्ठ्याचं एक खोकं होतं आणि त्यात तीसेक कॅमेरे, एकावर एक टाकलेले. सगळे 'युज अँड थ्रो' जातीचे. कुणाचं कागदी वेष्टन पिवळं, कुणाचं हिरवं. कडेनं उचकटलेले, आतली काळी पोकळी उघडी पडलेले. लॅबवाले काका म्हणाले, "रोल काढून घेतला की हे उरतं. भंगारवाला उचलत नाही. प्लास्टिकमध्ये पत्रा, पत्र्याला सर्किट, कोण बसणार वेगळं करत? सेल मात्र मी काढून ठेवतो. अख्ख्या रोलला फ्लॅश मारला तरी सेलमध्ये जीव उरतो. भिंतीवरचं घड्याळ चालतं त्यावर."

मी त्यातले तीन मागून घेतले. पैसे घ्यायला ते तयार नव्हते.

घरी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून पहिला उघडला. फ्लॅश चालतो का बघावं म्हणून सेल घातला, बटण दाबलं, लहान दिवा लागला. सेल काढला आणि निर्धास्तपणे स्क्रू-ड्रायव्हर आत घातला. त्याचं टोक सर्किटवरच्या दोन टोकांना एकदम टेकलं आणि फटाक्यासारखा आवाज होऊन ठिणगी उडाली. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकावर काळा ठिपका राहिला. बोट असतं तर? हा प्रश्न पुढे बरेच दिवस माझ्या डोक्यात राहिला, आणि या लेखात तो पुन्हा येणार आहे.

दीड व्होल्टच्या सेलमधून ही ताकद येते कशी? एक ट्रान्झिस्टर सेलचा प्रवाह झपाट्यानं सुरू-बंद करतो, इवलासा ट्रान्सफॉर्मर त्याचा दाब तीनशे व्होल्टच्या वर नेतो आणि करंगळीच्या पेराएवढा कपॅसिटर तो साठवून ठेवतो. फोटो काढताना तो एका झटक्यात झेनॉन वायूच्या नळीत रिकामा होतो. फोटो काढलाच नाही तर तो भरलेला बसून राहतो. सेल काढला तरीही.

ठिणगीची भीती ओसरल्यावर बाकीचा कॅमेरा पाहिला, आणि खरं सांगते, इतकी सुबक वस्तू मी फार दिवसांत पाहिली नव्हती. पुढे पारदर्शक प्लास्टिकची एकच लेन्स. फोकस ठरलेला: साधारण मीटरभरापासून क्षितिजापर्यंत सगळं बऱ्यापैकी स्पष्ट. उजेड आत येण्याचं भोक ठरलेलं, साधारण एफ १० च्या आसपास. शटर म्हणजे पत्र्याची एक पाकळी. स्प्रिंग तिला टिचकी मारते आणि सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाच्या जवळपास ती उघडून मिटते. फिल्मच्या काठावरच्या भोकांत एक दातेरी चाक अडकलेलं असतं. फिल्म पुढे सरकली की ते फिरतं आणि तेच शटरची स्प्रिंग ताणतं. वेगळी यंत्रणा नाहीच.

मला सगळ्यात आवडलं ते फिल्मच्या मागचं आसन. ते सपाट नाही, धनुष्यासारखं किंचित वाकलेलं आहे. एकाच भिंगाची लेन्स चित्र सपाट पाडत नाही. मध्यभाग स्पष्ट आला की कडा पुसट होतात. महागड्या कॅमेऱ्यात हा दोष घालवायला आणखी भिंगं घालतात. इथे ज्यानं आराखडा केला त्यानं लेन्स सुधारण्याऐवजी फिल्मच वाकवली. एका पैशाचाही खर्च न वाढवता फोटोच्या कडा सुधारल्या. हे करणाऱ्या माणसाला मी मनोमन नमस्कार केला.

दुसरी युक्ती याहून महत्त्वाची. आपल्या नेहमीच्या कॅमेऱ्यात रोल डबीत असतो, एकेक फोटो काढू तसा तो बाहेरच्या रिळावर जातो आणि शेवटी उलटा गुंडाळून डबीत परत न्यावा लागतो. इथे क्रम उलटा आहे. कारखान्यातच अंधारात सगळी फिल्म डबीतून बाहेर काढून मोकळ्या रिळावर गुंडाळलेली असते. आपण अंगठ्यानं चाक फिरवतो तेव्हा काढलेला प्रत्येक फोटो डबीत शिरतो. म्हणून आकडे २७ पासून उतरत जातात. रोल संपला की काढलेलं सगळं डबीत सुरक्षित, आणि अर्ध्यावर कुणी झाकण उघडलंच तर खराब होतात ते न काढलेले फोटो. उलटं गुंडाळायची कळ नको, तिचे दाते नकोत.

हे सगळं पाहून झाल्यावर मी विचारात पडले. लेन्स शाबूत, शटर शाबूत, फ्लॅश तर जरा जास्तच शाबूत. मग या कॅमेऱ्यात संपलं काय? फक्त फिल्म. आणि मोडलं काय? झाकण, तेही उघडताना. ते उघडावं अशी सोयच ठेवलेली नव्हती. काही ठिकाणी नखांसारखे आकडे, काही ठिकाणी प्लास्टिक वितळवून केलेला जोड.

आमच्या आजोबांचा आग्फा क्लिक थ्री अजून कपाटात आहे. वडोदऱ्यात बनलेला, १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो काढणारा. मराठी घरांतल्या कितीतरी अल्बमांतले मुंजीचे, सहलीचे, नव्या स्कूटरसमोरचे फोटो त्यानं काढलेले आहेत. त्याच्यातही साधी लेन्स आणि साधं स्प्रिंगचं शटरच आहे. युज अँड थ्रोपेक्षा तो फार हुशार आहे असं मुळीच नाही. पण त्याच्या झाकणाला खिट्टी आहे. त्या खिट्टीच्या जोरावर तो तीन पिढ्या चालला.

*

खिट्टी कधी आणि का गेली, याचा माग काढला तर गोष्ट जपानपर्यंत जाते. १९८६ च्या जुलैमध्ये फुजीनं 'उत्सुरुन देसु' बाजारात आणला. नावाचा भाव असा की, फोटो येतो बरं का! १,३८० येन किंमत, २४ फोटो, ११० जातीची छोटी फिल्म. पुढच्याच वर्षी ३५ मिलिमीटर फिल्मचा आला. फुजी त्याला कॅमेरा म्हणत नव्हती. 'लेन्स जोडलेली फिल्म' म्हणत होती. रोल विकत घ्या, लेन्स त्याच्यासोबतच येते, असा तो विचार. सहलीला कॅमेरा विसरलेला माणूस रोलच्या दुकानातून कॅमेऱ्यासकट बाहेर पडायचा. रोल संपला की आख्खी वस्तू दुकानात द्यायची आणि फोटो घेऊन जायचे.

अमेरिकेत कोडॅकनं १९८७ मध्ये आपला कॅमेरा आणला तेव्हा त्याला नाव दिलं 'फ्लिंग'. म्हणजे भिरकावणं. पर्यावरणवाल्यांनी झोड उठवली. नाव बदलून 'फन सेव्हर' झालं. पण कोडॅकनं नुसतं नाव बदललं नाही, हे नमूद करायला हवं. १९९० पासून त्यांनी लॅबवाल्यांकडून रिकामे कॅमेरे परत घ्यायला सुरुवात केली, आणि परत पाठवणाऱ्या लॅबला मोबदला दिला. कॅमेऱ्याचा आराखडाच पुन्हा केला: सांगाडा आणि फ्लॅशचं सर्किट तपासून पुन्हा वापरायचं, बाहेरचं प्लास्टिक भरडून नव्यानं ओतायचं. फुजीनंही नव्वदच्या दशकात जपानमधल्या आशिगाराच्या कारखान्यात परत आलेले कॅमेरे यंत्रांनी सोडवायची व्यवस्था उभारली.

म्हणजे 'युज अँड थ्रो' हे आपल्यापुरतं. कारखान्याच्या दृष्टीनं तो कॅमेरा पुन्हा पुन्हा भरायचाच होता. आणि ही कल्पना तरी नवी कुठे? १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमननं पहिला कोडॅक विकला तेव्हा त्यात शंभर फोटोंची फिल्म भरलेली असे. २५ डॉलर किंमत. फोटो संपले की आख्खा कॅमेरा रॉचेस्टरला कारखान्यात पाठवायचा, सोबत १० डॉलर. फोटो धुऊन यायचे आणि कॅमेरा नव्या फिल्मसह परत यायचा. शंभर वर्षांनी फरक एवढाच पडला की परत येणारा कॅमेरा तुमचा उरला नाही. तो कारखान्यात गेला आणि दुसऱ्या कुणाला नवा म्हणून विकला गेला.

आणि कारखान्याबाहेर कुणी तो भरला तर? तिथूनच भांडण सुरू झालं.

*

रिकामे कॅमेरे लॅबमधून फक्त फुजी-कोडॅककडे जात नव्हते. काही व्यापारी ते खोक्यांनी विकत घेत, परदेशात, मुख्यतः चीनमध्ये पाठवत, तिथे त्यांत नवी फिल्म भरली जाई आणि नव्या कागदी वेष्टनात ते अमेरिकेत स्वस्तात विकले जात. न्यू जर्सीतली जॅझ फोटो ही कंपनी यातली मोठी. फुजीनं पेटंटभंगाची तक्रार केली. अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगापुढे २७ कंपन्यांना उभं केलं, आणि १९९९ मध्ये आयोगानं असे कॅमेरे देशात आणायला बंदी घातली. जॅझ अपिलात गेली.

अपिलाच्या निकालपत्रात कॅमेरा पुन्हा भरण्याची आठ कामं नोंदली आहेत. कागदी वेष्टन काढणं. जोड कापून कॅमेरा उघडणं. गुंडाळायचं चाक बदलणं किंवा नव्या डबीत त्याला बसेल असा फरक करणं. फोटोंचा आकडा पुन्हा लावणं. सेल बदलणं. नवी फिल्म रिळावर गुंडाळणं. चिकटपट्टीनं किंवा गोंदानं कॅमेरा बंद करणं. नवं वेष्टन घालणं. बस्स. इतक्या साध्या कामांवरून दोन खंडांतली न्यायालयं झुंजली, कारण प्रश्न साधा नव्हता: याला दुरुस्ती म्हणायचं की नव्यानं बनवणं? विकत घेतलेली वस्तू दुरुस्त करायला पेटंटवाल्याची परवानगी लागत नाही. पण तीच वस्तू नव्यानं बनवायची तर लागते.

आपल्याकडे कल्हईवाला दारात बसून पातेल्याला कल्हई करायचा. त्यानं पातेलं नवं घडवलं असं कुणी म्हणणार नाही. तळ गेला आणि तळ बदलून घेतला, तरी ते आपलंच जुनं पातेलं. पण तळ, काठ सगळंच बदललं तर? रेघ कुठे ओढायची, हा वाद अमेरिकेत दीडशे वर्षं चालला आहे. १८८२ चा एक खटला कापसाच्या गाठी बांधायच्या लोखंडी पट्ट्यांचा. पट्टीच्या बकलवर ठसा असे की हे एकदाच वापरायचं. गिरणीत पट्टी कापली जाई. भंगारवाले तुकडे गोळा करून रिव्हेट मारून जोडत आणि त्याच बकलसह पुन्हा विकत. न्यायालय म्हणालं, हे नव्यानं बनवणं झालं. १९६१ मध्ये मोटारीच्या कापडी टपाचा खटला आला. टप फाटला, नवा शिवला. न्यायालय म्हणालं, ही दुरुस्ती.

आता कॅमेरा बकलसारखा की मोटारीसारखा?

टोकियोच्या जिल्हा न्यायालयानं ऑगस्ट २००० मध्ये उत्तर दिलं: फिल्म काढून घेतली की या वस्तूचं आयुष्य संपलं; पुन्हा भरणारे पेटंटचा भंग करतात. बरोबर वर्षभरानं, ऑगस्ट २००१ मध्ये, वॉशिंग्टनच्या फेडरल सर्किट न्यायालयात न्यायमूर्ती पॉलिन न्यूमन यांनी लिहिलेल्या निकालानं उलटं सांगितलं. संपली ती फिल्म, कॅमेरा नव्हे. लेन्स तीच, शटर तेच, सांगाडा तोच. ही दुरुस्ती आहे. 'एकदाच वापरा' असं वेष्टनावर छापलं म्हणजे गिऱ्हाइकाशी करार होत नाही.

एकाच कॅमेऱ्याला एका देशात मृत ठरवलं आणि दुसऱ्यात जिवंत. दोन्ही बाजूंना विचार आहे, हे मान्य करूनही मला न्यूमनबाईंचं म्हणणं पटतं. माझ्या टेबलावर उघडा पडलेला कॅमेरा मृत नव्हता. त्यानं नुकताच पुरावा दिला होता, ठिणगीच्या रूपानं.

जॅझला मात्र या विजयाचा उपयोग झाला नाही. निकालाला एक अट होती: कॅमेरा पहिल्यांदा अमेरिकेतच विकला गेलेला असेल तरच ही सूट. जॅझनं विकलेल्या सुमारे चार कोटी कॅमेऱ्यांपैकी बहुतेकांबाबत तसा पुरावा देता आला नाही. भरपाई दोन कोटी डॉलरच्या वर गेली आणि २००३ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली. ती अटच २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मोडीत काढली. खटला होता प्रिंटरच्या टोनर कार्ट्रिजचा, रिकामी गोळा करून पुन्हा भरून विकणाऱ्यांचा. वस्तू एकदा विकली, मग ती जगात कुठेही विकलेली असो, की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपला, असं न्यायालय म्हणालं. आपल्या तालुक्यातालुक्याला कार्ट्रिज रिफिल करून देणारं एखादं दुकान असतं. तिथलं काम जगातल्या एवढ्या मोठ्या न्यायालयाच्या चर्चेचा विषय झालं होतं, हे वाचताना मला फार बरं वाटलं.

*

आता माझ्या टेबलावर परत येते. उरलेल्या दोन कॅमेऱ्यांपैकी एकाची झाकणाची नखं अर्धी शाबूत होती. तो भरायचा ठरवला.

चेंजिंग बॅग, म्हणजे अंधारात रोल भरायची काळी पिशवी, नव्हती. रात्री न्हाणीघराच्या दाराखाली टॉवेल खोचला, खिडकीला पांघरूण लावलं. २४ चा रोल घेतला. त्यातली फिल्म मीटरभराहून थोडी जास्त असते. अंधारात तिचं टोक मोकळ्या रिळात अडकवून सगळी गुंडाळून काढली, डबी चाकाच्या बाजूला बसवली, झाकण दाबलं, कडेनं काळी इन्शुलेशन टेप लावली. आकडा आधीच उजेडात सुईनं फिरवून ठेवला होता. पहिल्या तीन प्रयत्नांत फिल्म रिळावरून सुटली. चौथ्यांदा जमली. घामानं अंग भिजलं होतं, आणि लाइट लावल्यावर हातातला कॅमेरा बघून मी एकटीच हसले.

रोल धुऊन आला. चोवीसच्या चोवीस फोटो होते. अकरांच्या कडेला नारिंगी पट्टा. टेपखालून उजेड शिरला होता.

कारखान्यातल्या झाकणाच्या कडेला खोबण असते आणि समोरच्या भागाला तिच्यात बसणारी धार. उजेडाला आत यायचं तर वळणं घेत यावं लागतं, आणि काळ्या प्लास्टिकमध्ये वळणं घेताना तो विरतो. उचकटताना ती धार तुटली होती. दुसऱ्या वेळी मी खोबणीत काळ्या लोकरीचा धागा बसवला. जुन्या कॅमेऱ्यांत उजेड अडवायला हे करतात. नारिंगी पट्टा तीन फोटोंवर आला.

हे सगळं केल्यावर, असा कॅमेरा पहिल्यापासूनच पुन्हा भरता यावा म्हणून काय बदलावं लागेल, हे माझ्या हातांना कळलं. लेन्सला हात लावायचा नाही. शटरला नाही. झाकण वेगळ्या प्लास्टिकचं करायचं. सांगाडा पॉलिस्टायरीनचा असतो, तो वाकवला की तडकतो. पण शाम्पूच्या बाटलीचं टोपण ज्या पॉलिप्रॉपिलीनचं असतं, त्याची कागदासारखी पातळ बिजागरी हजारो वेळा उघडमीट सोसते. त्या बिजागरीचं झाकण, पलीकडे एक खिट्टी, आणि खोबण थोडी खोल. फिल्मला धनुष्याकार दाबून धरणाऱ्या आतल्या कडा मात्र जशाच्या तशा हव्यात, नाहीतर फोटोच्या कडा पुसट येतील.

मग तळाला एक खाच, एक रुपयाच्या नाण्यानं फिरवता येईल अशी. डबी बसवायची, फिल्मचं टोक रिळात अडकवायचं, झाकण लावायचं आणि मगच नाण्यानं सगळी फिल्म बाहेरच्या रिळावर ओढून घ्यायची. सुरुवातीचा थोडा तुकडा उजेड पाहतो, पण तो वायाच जाणारा असतो. अंधार, पांघरूण, न्हाणीघर, काहीही लागत नाही. डबी बसते तिथलं चाक बाजारातल्या कुठल्याही डबीत बसेल असंच करायचं. याच चाकापाशी जॅझसाठी काम करणाऱ्यांना अडकायला झालं होतं.

आणि ती ठिणगी. झाकण वापरणाऱ्यानं उघडायचं असेल तर भरलेला कपॅसिटर त्याच्या बोटांपर्यंत पोचता कामा नये. माझ्या मते हा बदल सगळ्यात आधी व्हायला हवा. झाकणालाच पत्र्याची एक जीभ जोडायची. झाकण उघडताच ती कपॅसिटरच्या दोन टोकांमध्ये दहा हजार ओहमचा रेझिस्टर जोडेल. १२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर सहा-सात सेकंदांत तो निरुपद्रवी होतो. एक रेझिस्टर, एक पत्र्याची पट्टी. शिवाय सर्किटवर एक बंदिस्त टोपण आणि सेलसाठी बाहेरून उघडणारी वेगळी खिडकी, म्हणजे सेल बदलताना आत बघायची गरजच नाही.

यातलं बरंचसं आता बाजारात दिसतंही. लोमोग्राफीनं २०१७ मध्ये 'सिंपल यूज' आणला. रोल भरूनच येतो, पण वापरणाऱ्यानं तो पुन्हा भरावा अशीच त्याची रचना. कोडॅकच्या नावानं परवान्यावर विकले जाणारे साधे प्लास्टिकचे कॅमेरे आहेत, उघडझाकीचे. २०२२ मध्ये आलेला एक्टार एच ३५ तर एका फोटोच्या जागेत दोन काढतो, म्हणजे ३६ च्या रोलमध्ये ७२.

हे ७२ मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण हिशेब मांडला की लक्षात येतं, कॅमेरा पुन्हा वापरून वाचतं ते प्लास्टिक, पत्रा आणि सर्किट. पैसा त्या मानानं कमी वाचतो. आज खर्च आहे तो फिल्मचा आणि धुण्याचा. रंगीत फिल्म धुवायला डेव्हलपर ३७.८ अंशांवर काटेकोर धरावा लागतो, त्यात फिल्म सव्वातीन मिनिटं, आणि ही रसायनं आता मोजक्याच ठिकाणी मिळतात. स्वस्तात पुन्हा वापरता येणारा कॅमेरा खरंच करायचा तर झाकणाला खिट्टी आणि फोटोला अर्धी जागा, या दोन गोष्टी एकत्र हव्यात. नाहीतर कॉलेजातली मुलगी कॅमेरा एकदा घेईल, रोलची किंमत ऐकेल आणि तो कॅमेरा कपाटात पडून राहील. फेकलेल्या कॅमेऱ्यापेक्षा पडून राहिलेला कॅमेरा फार बरा आहे असं मला वाटत नाही.

*

तिसरा रोल मी स्वतः लॅबमध्ये घेऊन गेले. यावेळी खोबणीत लोकर दुहेरी होती. काकांनी निगेटिव्हची पट्टी ट्यूबलाइटसमोर धरली, डोळे बारीक करून टोकापासून टोकापर्यंत पाहिली. एका फोटोतही पट्टा नव्हता. भाचीनं काढलेला गॅलरीतल्या आकाशकंदिलाचा फोटो होता, पणत्यांची रांग होती, आणि आईचा एक, फ्लॅश लागताना डोळे मिटलेला.

"कॅमेरा तोच?" त्यांनी विचारलं.

"तोच. तिसऱ्यांदा भरला."

त्यांनी खोक्याकडे पाहिलं, मग नुकत्याच आलेल्या एका हिरव्या कॅमेऱ्याकडे. नेहमीसारखा स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. ड्रॉवरमधून एक पातळ पट्टी काढली, झाकणाच्या कडेतून हलकेच सरकवत नेली. एक नख सुटलं, मग दुसरं, मग उरलेली दोन. झाकण अख्खं त्यांच्या हातात आलं. त्यांनी रोल काढून घेतला, झाकण परत बसवलं आणि कॅमेरा खोक्यात न टाकता मागच्या फळीवर ठेवला.